छपरावर अँटेना लावलेली वकिलांची फर्म

नेटवर्कमध्ये काही अडलं की ट्रेसरूट मारून बघायची सवय ज्यांना आहे, त्यांना 'ऑल्टर डॉट नेट' हे नाव ओळखीचं असेल. अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्व्हरकडे निघालेलं पॅकेट वाटेत या नावाच्या दोन-चार राउटरांवर थांबून पुढे जायचं. एका शनिवारी वेळ होता, म्हणून मी या नावाची कुळकथा काढायला बसलो. ऑल्टर डॉट नेट हे यूयूनेट नावाच्या कंपनीचं. यूयूनेट १९९६ साली एमएफएसच्या पोटात गेली. त्याच वर्षी एमएफएस वर्ल्डकॉमच्या पोटात गेली. वर्ल्डकॉमनं १९९८ साली एमसीआय गिळली आणि २००२ साली ती स्वतःच बुडाली. दिवाळखोरीतून बाहेर येताना तिनं एमसीआयचंच नाव लावलं, आणि २००६ च्या जानेवारीत हे सगळं गाठोडं व्हेरायझनकडे गेलं. हुश्श!

या साखळीत मला सगळ्यात जास्त रस वाटला तो एमसीआयमध्ये. जिनं एटी अँड टीची मक्तेदारी फोडली, तीच कंपनी शेवटी एटी अँड टीच्याच एका लेकीच्या घरात गेली. आणि तिच्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मूळ भांडण एकच होतं. दुसऱ्याच्या तारेला आपली तार जोडायचा हक्क कुणाला, आणि त्याचे पैसे किती? लेख थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

*

तर गोष्ट सुरू होते १९६३ साली, इलिनॉय राज्यातल्या जोलिएट नावाच्या गावात. जॅक गोकेन नावाचा माणूस तिथे जनरल इलेक्ट्रिकचे दुतर्फी रेडिओ विकायचा. शिकागो ते सेंट लुईस या रस्त्यावर ट्रकांची प्रचंड ये-जा. पण या रेडिओंची झेप थोडी. ट्रक गावाबाहेर पडला की मालकाचा ड्रायव्हरशी संपर्क तुटला. गोकेनच्या डोक्यात आलं, की रस्त्याच्या कडेनं ठरावीक अंतरावर मायक्रोवेव्हचे मनोरे उभे केले तर रेडिओची झेप वाढेल आणि आपले रेडिओही जास्त खपतील. त्यानं चार भागीदार जमवले आणि कंपनी काढली: मायक्रोवेव्ह कम्युनिकेशन्स इन्कॉर्पोरेटेड. थोडक्यात एमसीआय. अमेरिकेचा दूरसंचार व्यवसाय उलटापालटा करायचा वगैरे विचार त्यात कुठेही नव्हता. माणसाला रेडिओ विकायचे होते.

मनोऱ्यांसाठी एफसीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाची परवानगी लागायची. १९६३ च्या शेवटी अर्ज गेला. ट्रकवाल्यांपुरतं न राहता शिकागो आणि सेंट लुईसमध्ये कचेऱ्या असलेल्या छोट्या कंपन्यांना स्वस्तात खाजगी लाइन भाड्यानं द्यायची, असं त्याचं स्वरूप होतं. एटी अँड टीनं अर्थातच विरोध केला. ही कंपनी तेव्हा केवढी होती याची कल्पना यावी म्हणून सांगतो: लांब पल्ल्याचे फोन तिचे, देशातल्या बहुतेक फोनधारकांची स्थानिक फोन कंपनी तिच्या मालकीची, फोनची यंत्रं बनवणारा कारखाना तिचा, आणि जिथे ट्रान्झिस्टरचा शोध लागला ती बेल लॅब्जही तिचीच. सगळं मिळून 'बेल सिस्टिम'.

एटी अँड टीचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता बरं का. लांब पल्ल्याच्या कॉलमधून मिळणारा नफा वापरून आम्ही घरोघरचा फोन स्वस्त ठेवतो, असं तिचं म्हणणं होतं. नव्या कंपन्या येतील, शिकागो-सेंट लुईससारख्या फायद्याच्या मार्गांवरची साय तेवढी खातील, आणि खेड्यातल्या म्हातारीचा तोट्यातला फोन आमच्या गळ्यात राहील. पुढे मक्तेदारी फुटल्यावर लांब पल्ल्याचे दर धडाधड खाली आले आणि घरच्या फोनचं मासिक भाडं वाढलं, हेही खरं आहे.

एफसीसीला निर्णय घ्यायला जवळपास सहा वर्षं लागली. ऑगस्ट १९६९ मध्ये परवानगी मिळाली, तीही ४ विरुद्ध ३ मतांनी. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

*

दरम्यान १९६८ साली कंपनीत बिल मॅकगोवन आला. पेनसिल्व्हेनियातल्या रेल्वे कामगाराचा मुलगा, हार्वर्डचा एमबीए, अडचणीतल्या कंपन्या सावरायचा अनुभव असलेला. त्यानं एक गोष्ट लगेच ओळखली. या धंद्यात मनोरे उभे करणं हा सोपा भाग आहे. खरी लढाई एफसीसीच्या कचेरीत आणि कोर्टात होणार. म्हणून त्यानं कंपनीचं मुख्यालय थेट वॉशिंग्टनला नेलं. एमसीआय म्हणजे 'छपरावर अँटेना लावलेली वकिलांची फर्म' असा विनोद तेव्हापासून चालत आलाय. कंपनीतली माणसंही तो हसत हसत सांगायची.

जानेवारी १९७२ मध्ये शिकागो-सेंट लुईस सेवा सुरू झाली, आणि मग खरी अडचण समोर आली. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही मुंबई-पुणे स्वतःचा एक्सप्रेसवे बांधलात. मस्त आठपदरी, टोल निम्मा. पण मुंबईत शिरायचा रस्ता आणि पुण्यात शिरायचा रस्ता, दोन्ही तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचे. तो म्हणाला, 'आज रस्त्याचं काम चालू आहे', तर तुमचा एक्सप्रेसवे काय चाटायचा आहे? एमसीआयचं नेमकं हेच झालं. शिकागोच्या मनोऱ्यापासून सेंट लुईसच्या मनोऱ्यापर्यंत सगळं तिचं. पण मनोऱ्यापासून ग्राहकाच्या टेबलापर्यंतची तार स्थानिक बेल कंपनीची, आणि बेल कंपनी एटी अँड टीची.

बेल कंपन्यांनी काही प्रकारच्या जोडण्या द्यायला नकार दिला. मार्च १९७४ मध्ये एमसीआयनं एटी अँड टीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, एमसीआयच्या बाजूचा एक कोर्टाचा आदेश अपिलात रद्द होताच, दिलेल्या जोडण्याही तोडल्या गेल्या. विचार करा, तुमच्या भरवशावर धंदा करणाऱ्या ग्राहकाचा फोन सकाळी मुका झालाय, आणि बंद करणारा हात तुमच्या स्पर्धकाचा आहे.

*

यानंतर एमसीआयनं जे केलं ते मला प्रोग्रामर म्हणून फार आवडतं. कायद्यातल्या पळवाटेचा आणि तंत्राचा इतका सुंदर मिलाफ क्वचित बघायला मिळतो.

एमसीआयला परवानगी फक्त खाजगी लाइनची होती. साधे लांब पल्ल्याचे कॉल, म्हणजे आपल्या भाषेत एसटीडी, हा एटी अँड टीचा प्रांत. १९७५ च्या सुमारास एमसीआयनं 'एक्झिक्युनेट' नावाची सेवा काढली. ग्राहकानं आपल्या साध्या फोनवरून एमसीआयचा स्थानिक नंबर फिरवायचा. पलीकडे एमसीआयचं यंत्र उचलणार. मग आपला सांकेतिक क्रमांक दाबायचा, मग दुसऱ्या शहरातला हवा तो नंबर. सगळे मिळून वीसेक आकडे दाबावे लागायचे, पण कॉल स्वस्त पडायचा. कागदोपत्री ही अनेकांनी वाटून घेतलेली खाजगी लाइन. प्रत्यक्षात सरळ सरळ एसटीडी!

एटी अँड टीनं तक्रार केली आणि १९७५ मध्येच एफसीसीनं सेवा बंद करायचा हुकूम काढला. एमसीआय कोर्टात गेली. १९७७ साली अपील कोर्टानं हुकूम रद्द केला, आणि १९७८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्यात पडायला नकार दिला. कोर्टाचं कारण फार गमतीचं होतं. लांब पल्ल्याच्या सेवेत एटी अँड टीचीच मक्तेदारी असणं जनतेच्या हिताचं आहे, असं एफसीसीनं रीतसर कधी ठरवलंच नव्हतं. सगळे इतकी वर्षं ते गृहीत धरून चालले होते. ज्यांनी वीस वर्षं जुन्या कोडमध्ये 'हे असं का आहे?' विचारल्यावर 'पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर ऐकलंय, त्यांना यातली मजा कळेल.

१९८० साली शिकागोतल्या ज्यूरीनं मूळ खटल्यात ६० कोटी डॉलरची भरपाई ठरवली, कायद्याप्रमाणे तिप्पट म्हणजे १८० कोटी. अपिलात भरपाईचा भाग पुन्हा तपासायचा हुकूम झाला आणि १९८५ मध्ये आकडा तिप्पट धरूनही ११ कोटी ३० लाखांच्या आसपास आला. पण तोवर पैशांना फारसा अर्थ उरला नव्हता. सरकारच्या न्याय खात्यानं १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःचा खटला भरला होता, त्यात जानेवारी १९८२ मध्ये तडजोड झाली. १ जानेवारी १९८४ ला बेल सिस्टिम फुटली. स्थानिक कंपन्या सात स्वतंत्र प्रादेशिक कंपन्यांत गेल्या, लांब पल्ल्याचा धंदा एटी अँड टीकडे राहिला. स्थानिक कंपन्यांवर बंधन आलं की लांब पल्ल्याच्या सगळ्या कंपन्यांना सारखीच जोडणी द्यायची. वीस आकडे दाबायची कटकट संपली. ज्याला जी कंपनी हवी ती त्यानं निवडावी.

या सात लेकींपैकी एकीचं नाव बेल अटलांटिक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

पुढची दहा-बारा वर्षं एमसीआयची. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर तिनं रेल्वेच्या रुळांकडेनं फायबर टाकलं आणि त्यासाठी सिंगल मोड फायबरची मोठी ऑर्डर कॉर्निंगला दिली. हे तंत्र तेव्हा इतकं नवं होतं की अनेकजण थांबून बघत होते. १९८३ साली एमसीआय मेल सुरू झाली, व्यापारी ईमेलच्या पहिल्या मोठ्या सेवांपैकी एक. ते काम करणाऱ्यांत होते व्हिंट सर्फ, म्हणजे टीसीपी-आयपी रचणाऱ्या दोघांपैकी एक. १९८७ मध्ये अमेरिकी विद्यापीठांना जोडणाऱ्या एनएसएफनेटचा कणा चालवायचं काम मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांना मिळालं. पुढच्या इंटरनेटचा हा सांगाडा.

आणि १९९१ ची 'फ्रेंड्स अँड फॅमिली' योजना! आपल्या नातेवाइकांची, मित्रांची नावं द्या, तेही एमसीआयचे ग्राहक झाले तर त्यांना केलेल्या कॉलवर २० टक्के सूट. म्हणजे ग्राहकच कंपनीचे सेल्समन झाले. एटी अँड टीला तशीच योजना चटकन काढता आली नाही. कारण अँटेनाही नव्हती आणि वकीलही नव्हते, कारण होतं बिलिंग. एमसीआय स्वतःची बिलं स्वतःच्या सॉफ्टवेअरवर बनवायची, तर एटी अँड टीची घरगुती बिलं बऱ्याच प्रमाणात त्या जुन्या स्थानिक कंपन्यांमार्फत जायची. 'बिलिंग मॉड्यूल' म्हटलं की नाक मुरडणाऱ्या तमाम डेव्हलपर मंडळींनी याची नोंद घ्यावी :)

मॅकगोवनचं १९८७ मध्ये हृदय प्रत्यारोपण झालं, तरी तो कामावर परतला. १९९२ च्या जूनमध्ये तो गेला.

*

यापुढची गोष्ट वर्ल्डकॉमची. मिसिसिपी राज्यात मोटेल चालवणारा बर्नी एबर्स १९८० च्या दशकात दुसऱ्यांच्या लाइन घाऊक भावानं घेऊन किरकोळीनं विकायच्या धंद्यात शिरला. मग डझनावारी कंपन्या विकत घेत सुटला, बहुतेक वेळा स्वतःचे शेअर देऊन. शेअर चढला की नवी कंपनी, नवी कंपनी आली की शेअर चढला. १९९७ साली एमसीआयसाठी ब्रिटिश टेलिकॉम बोलणी करत होती, तिथे एबर्सनं ३७०० कोटी डॉलरची बोली टाकून बाजी मारली. एमसीआयची विक्री वर्ल्डकॉमच्या दुपटीहून जास्त होती, तरी गिळणारी वर्ल्डकॉम. सप्टेंबर १९९८ मध्ये सौदा पूर्ण झाला. त्यासाठी एमसीआयला आपला इंटरनेटचा धंदा केबल अँड वायरलेसला १७५ कोटी डॉलरला विकावा लागला. यूयूनेट आधीच वर्ल्डकॉमकडे असल्यामुळे दोन्ही एकाच घरात नकोत, असं नियामकांचं म्हणणं पडलं.

त्या काळात इंटरनेटची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, हे वाक्य सगळीकडे ऐकू यायचं. त्याचा उगम यूयूनेट-वर्ल्डकॉमच्या लोकांच्या बोलण्यात होता. प्रत्यक्षात वाढ साधारण वर्षाला दुप्पट होती. हीदेखील भयंकर मोठीच, पण शंभर दिवसांच्या हिशेबानं जे फायबर जमिनीत गेलं ते अंधारात पडून राहिलं. बुडबुडा फुटला, दर कोसळले, २००० मध्ये स्प्रिंट घ्यायचा बेतही नियामकांनी हाणून पाडला.

आणि आता मूळ भांडणाकडे परत येऊ. वर्ल्डकॉमचा सगळ्यात मोठा खर्च होता 'लाइन कॉस्ट', म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल द्यायचे पैसे. जोडणीचा हक्क एमसीआयनं भांडून मिळवला होता, पण फुकट नाही. नफा आटायला लागल्यावर वर्ल्डकॉमच्या हिशेबनिसांनी याच खर्चाचा एक मोठा हिस्सा भांडवली मालमत्ता म्हणून वहीत दाखवला. सोप्या भाषेत, दर महिन्याला घरभाडं भरायचं आणि डायरीत लिहायचं की घर विकत घेतलं. खर्च गायब, नफा हजर.

हे शोधून काढलं कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या छोट्या टीमनं, वरून दबाव असताना. २५ जून २००२ ला कंपनीनं ३८० कोटी डॉलरचा घोळ जाहीर केला. पुढे आकडा ११०० कोटींच्या घरात गेला. लगेच १७,००० लोकांच्या नोकऱ्या जाणार असल्याची घोषणा झाली. २१ जुलैला कंपनी दिवाळखोरीत गेली, तोवरची अमेरिकेतली सगळ्यात मोठी दिवाळखोरी. १९९९ मध्ये ६० डॉलरच्या वर गेलेला शेअर कवडीमोल झाला. ज्या कर्मचाऱ्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती त्यांची पगाराबरोबर पुंजीही गेली. स्टॉक ऑप्शनच्या आकड्यांवर टू बीएचकेचा हिशेब मांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. एबर्सला २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१९ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तो सुटला आणि दोनच महिन्यांत वारला.

*

एप्रिल २००४ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, एमसीआय या जुन्या नावानं. कर्ज बरंचसं उतरलं होतं, मोठमोठे व्यावसायिक ग्राहक आणि सरकारी कंत्राटं हातात होती. मग दोनच वर्षांत ती विकली का गेली?

मोबाइल आले होते, दर उतरले होते, हे आहेच. पण त्याबरोबर जोडणीचा नियमही फिरला होता. १९९६ च्या अमेरिकी दूरसंचार कायद्यानं स्थानिक कंपन्यांवर बंधन घातलं होतं, की आपल्या जाळ्याचे भाग स्पर्धकांना नियंत्रित दरानं भाड्यानं द्यायचे. त्या जोरावर एमसीआय आणि एटी अँड टी घरोघरी संपूर्ण फोनसेवा विकत होत्या. मार्च २००४ मध्ये अपील कोर्टानं एफसीसीचे ते नियम उडवले, आणि जूनमध्ये सरकारनं सर्वोच्च न्यायालयात न जायचं ठरवलं. जुलैत एटी अँड टीनं नवे घरगुती ग्राहक शोधणं थांबवलं, एमसीआयनंही हात आखडता घेतला. गावात शिरायचा रस्ता पुन्हा बंद.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. जानेवारी २००५ मध्ये सात लेकींपैकी एक असलेल्या एसबीसीनं आपल्या आईलाच, एटी अँड टीलाच, विकत घ्यायचं जाहीर केलं. फेब्रुवारीत एमसीआयवर बोली लागली. एका बाजूला व्हेरायझन, म्हणजे नाव बदललेली बेल अटलांटिक. दुसऱ्या बाजूला क्वेस्ट, जिनं २००० साली यूएस वेस्ट ही आणखी एक लेक घेतली होती. म्हणजे दोन्ही बोलणारे बेलचेच वारस! क्वेस्टची बोली मोठी होती, पण आपले मोठे व्यावसायिक ग्राहक क्वेस्टबद्दल साशंक आहेत असं सांगून एमसीआयच्या संचालक मंडळानं सुमारे ८५० कोटी डॉलरला व्हेरायझन निवडली. ६ जानेवारी २००६ ला सौदा पूर्ण झाला. एमसीआयचा धंदा 'व्हेरायझन बिझनेस' झाला. वॉशिंग्टनमधलं एमसीआय सेंटर हे स्टेडियमही त्याच वर्षी व्हेरायझन सेंटर झालं. २०१७ पासून तर तेही नाव गेलंय.

*

मग एमसीआय हरली का? नाव गेलं, पण जोडणी हा हक्क आहे ही कल्पना तिथून जगभर गेली. आपल्याकडेही २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आली तेव्हा हेच भांडण झालं. जिओचं म्हणणं, बाकीच्या कंपन्या पुरेशा जोडण्या देत नाहीत, म्हणून आमचे कॉल लागत नाहीत. बाकीच्यांचं म्हणणं, तुमच्या फुकट कॉलचा पूर आम्ही का सोसायचा? ट्रायनं ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. पुढे दुसऱ्याच्या जाळ्यावर कॉल संपवल्याबद्दल द्यायचे पैसे २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. जिओ काही गोकेनसारखी रेडिओ विकणारी बिचारी कंपनी नव्हती, तिच्यामागे रिलायन्सचा पैसा होता. पण प्रश्न तोच होता, आणि अशा एका आकड्यावर कोण जगणार, कोण मरणार हे ठरतं.

मला यातून एवढंच कळतं. स्पर्धा तंत्रज्ञानानं सुरू होते, पण टिकते ती नियमावर. मनोरे, फायबर, ईमेल, बिलिंग, सगळं एमसीआयकडे होतं. तरी ग्राहकाच्या दारापर्यंतची शेवटची तार दुसऱ्याची होती, आणि तो ती देतो तोवरच हिचा श्वास चालू होता. आज आपल्यापैकी कितीजण दुसऱ्याच्या ॲप स्टोअरवर, दुसऱ्याच्या क्लाउडवर, दुसऱ्याच्या एपीआयवर संसार मांडून बसलेत? सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या प्रॉडक्टची एक यादी करून बघा: कुठली तार आपली, कुठली भाड्याची, आणि भाड्याची असेल तर ती तोडायचा स्विच कुणाच्या टेबलावर आहे.